बर्कलेचे दोन घाट आणि नगरचा जोडमार्ग

जेम्स जॉन बर्कले हे नाव नगर जिल्ह्याच्या इतिहासात सहसा येत नाही. नगरला रेल्वे आली 1878 साली. बर्कले वारला 1862 साली. तरीही दौंड-मनमाड मार्ग का झाला, हे समजून घ्यायचे तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.

1819 साली जन्मलेला बर्कले रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झाला. 1850 साली तो ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे हा 21 मैलांचा मार्ग सुरू झाला. खरी कसोटी पुढेच होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता आणि वाटेत सह्याद्री उभा होता. कल्याणहून दोन फाटे निघाले: एक थळ घाटाने नाशिककडे, दुसरा बोर घाटाने पुण्याकडे. बोर घाटात सुमारे सोळा मैलांत 1,831 फूट चढायचे होते. चढ कोठे कोठे 37 फुटांस एक फूट. एवढे करूनही मध्ये गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून पुढे न्यावी लागे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येताच वारला. काम त्याच्या पत्नीने, ॲलिसने, पुरे करवून घेतले. ऐन कामात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. 1861 मध्ये बर्कले आजारी होऊन मायदेशी परतला. 21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला, तो त्याच्या पश्चात.

या दोन फाट्यांच्या बेचक्यात नगर राहिले. उत्तरेला मनमाड, दक्षिणेला दौंड. मधला माल बैलगाडीने जाई. ही दोन टोके जोडणारा सुमारे 145 मैलांचा मार्ग सरकारने बांधला, पण तो उभा राहिला 1876-77 च्या दुष्काळात. मातीकामावर दुष्काळी कामाचे मजूर होते. त्याच वर्षी सर रिचर्ड टेंपलने माणशी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी बसवली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिला विरोध केला.

म्हणून नगरच्या रेल्वेचे श्रेय एकट्या अभियांत्रिकीला देता येत नाही. तिची गरज बर्कलेच्या आखणीने निर्माण केली. भराव मात्र उपाशी माणसांनी टाकला. पुढे त्याच रुळांलगत बेलापूर स्थानकाभोवती श्रीरामपूर वसले आणि साखरेचा व्यापार वाढला. त्या भरभराटीचा हिशेब मांडताना 1877 ची ती मजुरीही जमेस धरायला हवी.