चरबीतलं डीडीटी, रक्तातला पुरावा

लहानपणी यवतमाळच्या आमच्या घरी मलेरियावाले फवारणीला यायचे. अम्मी भांडी, धान्य, कुरआनची रेहल सगळं अंगणात काढायची. भिंतीवर डीडीटीचा पांढरा थर उरायचा, दारावर फवारणीची तारीख. हे औषध आपल्या अंगातही साठतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

शास्त्रज्ञांना मात्र ते ठाऊक होतं. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना 1948 मध्ये नोबेल मिळालं. 1951 मध्ये अमेरिकेत आईच्या दुधात डीडीटी सापडल्याची नोंद झाली. 1965 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतीयांच्या चरबीचा अभ्यास छापून आला. दिल्लीकरांच्या चरबीत डीडीटीचं प्रमाण अमेरिकनांपेक्षा जास्त निघालं. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून ते वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं आणि मोजताही येतं. 2005 मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने पंजाबच्या चार गावांतल्या 20 जणांचं रक्त तपासलं, तेव्हाही त्यात कीटकनाशकांचे अंश सापडले.

आता 2017चं यवतमाळ आठवा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजीने फवारणारे भूमिहीन मजूर बरेच होते. हातमोजे का घातले नाहीत, असं त्यांनाच विचारलं गेलं.

मोनोक्रोटोफॉससारखं विष डीडीटीसारखं चरबीत थांबत नाही. थोड्याच दिवसांत ते शरीरातून निघून जातं. मागे खूण उरते ती रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराच्या घटलेल्या प्रमाणात. तीही हळूहळू पुसली जाते. शिवाय हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. म्हणून हंगामाआधी एकदा आणि फवारणीच्या काळात पुन्हा, अशी दोनदा तपासणी हवी. कॅलिफोर्नियात फवारणी करणाऱ्या कामगारांसाठी अशी देखरेख 1974 पासून आहे.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा त्या वर्षी आठवडाभर डोळे चोळत, उलट्या करत पडून होते. त्यांचं रक्त कुणी तपासलं नाही. ते बचावले, पण कुठल्याच यादीत त्यांचं नाव नाही.

दिल्लीकरांच्या चरबीतलं विष 1965 मध्ये मोजता आलं. यवतमाळच्या मजुराचं रक्त जूनमध्येच, पंप पाठीवर घेण्याआधी, तपासणं आज अवघड नाही. मोजलं नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नसला की दोष मजुराच्याच माथी येतो.