बरणीतली बाग

ताईच्या वाढदिवसाला यंदा विकतचं काही नको, म्हणून काचेच्या बरणीत माती, शेवाळ आणि एक नेचा लावला. हा शोध अपघातानेच लागला, बरं का! १८२९च्या सुमारास लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्डने पतंगाचा कोष बंद बाटलीत ठेवला. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेचा उगवला! बाहेर कोळशाच्या धुराने त्याचे नेचे मरायचे. हा मात्र झाकण गंजेपर्यंत, जवळजवळ चार वर्षं जगला. आतल्याच पाण्याची वाफ काचेवर जमून परत मातीत. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने १८५१पर्यंत चीनमधली चहाची हजारो रोपं चक्क चोरून हिमालयाच्या पायथ्याशी पोचवली. (आसामचा चहा मूळचा इथलाच, तो यात नाही.) ताई पक्की चहाबाज. बरणी देताना हे सांगावं की नको?