दंतवैद्याचा चेहरा

दंतवैद्याच्या खुर्चीचे लहान मुलांना भय वाटते, ही गोष्ट जुनीच आहे. २०२० साली करोनाच्या साथीत तिला आईबापांच्या भयाची जोड मिळाली. हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९५७ मध्ये जॉन बोर्डेन या अमेरिकन दंतवैद्याने हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे ३,००,००० फेरे घेणारे कोरणयंत्र प्रचारात आणले. दात कोरण्याचे काम झटपट होऊ लागले. पण त्या यंत्राची कर्कश शीळ मुलांना धडकी भरवू लागली. पुढे दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, हॅरॉल्ड ॲडेल्स्टन यांनी मुलांच्या भयावर एक साधा उतारा मांडला : आधी सांगावे, मग दाखवावे, मगच करावे. मुलाच्या हाती आरसा द्यावा, हत्यार कसे चालते ते त्याच्या नखावर दाखवावे, गोड बोलावे. यात औषध असे काहीच नाही. वैद्याचा चेहरा हेच औषध.

साथीने नेमके तेच हिरावून घेतले. यंत्राबरोबर उडणारे पाण्याचे तुषार रोग्याच्या लाळेसह हवेत पसरतात; त्यामुळे दंतचिकित्सा हे मोठ्या जोखमीचे काम ठरले. चंदीगडला मार्च २०२० च्या अखेरीस संचारबंदी लागू झाली. ‘पीजीआय’ या नावाने सर्वतोमुखी असलेल्या, १९६२ साली स्थापन झालेल्या येथील वैद्यकीय संस्थेत पंजाब, हरियाणा, हिमाचलातून रोगी येतात. तिचे नेहमीचे बाह्यरुग्ण विभागही थांबले. मे महिन्यात केंद्र सरकारने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. तातडीचे उपचार तेवढे करावेत, बाकीचे पुढे ढकलावेत, असा त्यांचा आशय होता. ते योग्यच होते. पण परिपत्रके लिहिण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याला ठाऊक असते, की परिपत्रकात भीतीसाठी रकाना नसतो.

आईबापांचा हिशेब मग सरळ होता. दुधाचे दात, ते पडायचेच. त्यांच्यापायी रोग घरात का आणावा? या विचाराला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परंतु दुधाची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावी लागते, आणि कीड काही संचारबंदी पाळीत नाही. ठणका असह्य झाल्यावर मूल दवाखान्यात आले, की समोर आपादमस्तक झाकलेला, डोळ्यांपुरता उरलेला वैद्य. आणि शेजारी मुखपट्टीआड स्वतःच धास्तावलेली आई. मुले शब्दांच्या आधी आईचा हात ओळखतात.

एका बाबतीत मात्र साथीने मुलांवर उपकारच केले. तुषार टाळायचे म्हणून शक्य तेथे यंत्र बंद ठेवणे भाग पडले. विजेची वानवा असलेल्या टांझानियात १९८० नंतरच्या दशकात नुसत्या हातातील हत्यारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत निघाली होती. चांदीयुक्त फ्लोराइडचा द्रव लावून कीड थोपविण्याचा उपाय जपानात १९७० च्या सुमारास प्रचारात आला होता. या जुन्या उपायांना आता नवा मान मिळाला. शीळ नाही, आणि बहुधा सुईही नाही. अडचण एवढीच, की त्या द्रवाने दाताचा किडलेला भाग काळा पडतो. दाढेवरचा डाग आईबाप सहसा चालवून घेतात, पुढच्या दाताशी मात्र अडखळतात. आणि मग वैद्याला आधी सांगावे व दाखवावे लागते ते त्यांनाच.