संडासाची टाकी नवी बांधायची की नुसती उपसायची? आधी झाकण काढून पातळी बघा

टेंभी नाका, ठाणे : ठाणे शहरात महापालिकेची भुयारी गटार योजना आहे. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या खेड्यांत मात्र ज्याची टाकी त्याचाच खर्च. पावसाळ्यात संडासाच्या भांड्यातलं पाणी उतरेना झालं की गवंडी येतो, इकडेतिकडे बघतो आणि ‘टाकी गेली, नवी बांधा’ असं सांगून मोकळा होतो. पुष्कळदा टाकी चांगली असते, बिघाड दुसरीकडेच असतो.

मुळात सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पलीकडच्या पाईपने शोषखड्ड्यात जातं. त्यामुळे झाकण काढल्यावर पाणी दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते एवढंच, की पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तोंडाशी आहे, त्याच्या वर आहे की खाली.

तोंडाशी असेल तर टाकी ठीक आहे. तरी संडास तुंबत असेल तर भांडं ते टाकी यातला पाईप किंवा चेंबर तपासा. व्हेंट पाईपच्या जाळीत पक्ष्याचं घरटं किंवा कचरा अडकलाय का तेही बघा.

पाणी पाईपच्या वर चढलं असेल तर पुढे जायला वाट नाही. एक तर पाईप चोंदलाय किंवा शोषखड्डा पाणी पीत नाही. टाकी उपसल्यावर बरी चालली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा वर आली, तर दोष शोषखड्ड्याचाच समजा. अशा वेळी नवा शोषखड्डा पुरतो, टाकी फोडायची गरज नसते. भातखाचरांच्या कडेच्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलंच पाणी वर येतं आणि खड्डा शोषेनासा होतो. दिवाळीनंतर आपोआप सुरळीत झालं तर कारण हेच. मग नवा खड्डा त्यातल्या त्यात उंच जागी घ्यावा.

पाणी पाईपच्या खाली गेलं असेल तर मात्र काळजीचं. नुकतीच उपसलेली नसताना आणि रोज वापर असताना पातळी खाली राहते, म्हणजे टाकी गळतेय. भिंतीला तडा गेलाय किंवा तळाला काँक्रीटच नाही. ‘सेप्टिक’ म्हणून बांधलेले कित्येक खड्डे असे बिनतळाचे असतात. टाकी बदलायची खरी गरज इथे आहे, आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर उशीर नको. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. निकाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्यावं.

गाळ मोजायला लांब काठीच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी. थोडा वेळ ठेवून काढली की काळा डाग कुठवर आला ते दिसतं. गाळ आणि साय मिळून निम्म्याच्या आसपास आली की सक्शन गाडी बोलवावी. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकच्या सिन्नरमध्ये टाक्या तुंबायची वाट न बघता साधारण तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसतात. गावाकडेही तेवढं अंतर ठेवायला हरकत नाही. बाजारातली पावडर टाकून तळाचा गाळ नाहीसा होत नाही, आणि ॲसिडच्या बाटल्या ओतल्या तर टाकीत काम करणारे जिवाणूच मरतात.

आणखी दोन खुणा. झाकणाच्या स्लॅबची सळई गंजून उघडी पडली असेल तर स्लॅब लगेच बदला, त्यावरून पोरं खेळतात. दुसरी, माणसं वाढली का? भारतीय मानक 2470 प्रमाणे पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सुमारे एक मीटर पाण्याची टाकी पुरते. मागे भाड्याच्या खोल्या काढल्या आणि टाकी तीच ठेवली, तर ती सारखी भरणारच.

हे सगळं बघायचं ते बाहेरूनच. झाकण काढून बाजूला व्हावं, हवा जाऊ द्यावी, विडी-काडी लांब ठेवावी. आत कुणीही उतरायचं नाही, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा नाही. मे 2019 मध्ये ठाण्यातल्या ढोकाळीत गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार दगावले. नोव्हेंबर 2018 मध्ये कल्याण पूर्वेत विषारी वायूच्या विहिरीत पाच जण गेले, त्यातले दोघे वाचवायला उतरलेले अग्निशमन जवान होते. साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. मजूर स्वतःहून तयार झाला तरी त्याने सुटका होत नाही.

नवी बांधायचीच असेल तर पाऊस सरल्यावर काम काढा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून 6 मीटर लांब हवा. दगड लागल्यावर गवंडी तळाचं काँक्रीट टाळू बघतो, तिथे उभं राहून घालून घ्यावं. टाकी झाल्यावर पाण्याने भरून एक दिवस मुरू द्यावी, पुन्हा भरून पातळीवर खूण करावी आणि 24 तासांनी बघावं. पातळी उतरली तर गवंड्याचे उरलेले पैसे तोवर थांबवावेत.