खापरी नळ ते काळी टाकी

खनिज तेल म्हटलं की आपल्याला पंपावरचा भाव आठवतो. औरंगाबादच्या (म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरच्या) पाण्याचा इतिहास चाळताना मला मात्र ते तेल घरोघरच्या गच्चीवर दिसू लागलं.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली; पुढे तीच औरंगाबाद झाली. त्याच्या नहर-ए-अंबरीने डोंगरपायथ्याचं भूमिगत पाणी निव्वळ उतारावर शहरात आणलं. पाणचक्कीची नहर अठराव्या शतकातली. खापरी नळांतून आलेलं पाणी तिथे स्वतःच्याच दाबाने उंच भिंतीवर चढतं आणि हौदात कोसळतं. त्या जोरावर जातं फिरायचं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. सामान काय, तर भाजलेली माती, चुना, दगड.

त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. २०११च्या जनगणनेतल्या पावणेबारा लाखांना त्या नहरी पुरल्या नसत्या. आज पाणी येतं ते पैठणच्या जायकवाडीहून, पन्नासेक किलोमीटरवरून, पंपांनी उपसून. आणि कित्येक वर्षं अनेक भागांत ते काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे प्रत्येक घराला स्वतःचं छोटं धरण व्हावं लागलं. रांजण-हंड्यांत आठवडा निघत नाही. मग आले मूळचे रसायनांच्या वाहतुकीचे निळे ड्रम, आणि दोघांनी सहज जिन्याने वर नेता येणारी काळी टाकी.

ही टाकी पॉलिथिनची. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघाताने हाती लागलेला हा पदार्थ खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून बनतो. त्याची पूड साच्यात तापवत, फिरवत टाकी घडवतात. उन्हाने ती तडकू नये म्हणून त्यात काजळी मिसळतात. ती काजळीही बहुतेक जड तेल अर्धवट जाळूनच मिळवलेली. म्हणजे टाकीचा रंगसुद्धा तेलाचा!

माझ्या मते आठ-आठ दिवस नळ कोरडा राहूनही शहर निमूट राहतं, ते या टाक्यांमुळेच. टंचाईची धार तेलाने बोथट केली आहे. उद्या गाड्या विजेवर धावतील, टाकीचं काय?

शहराबाहेरही तेच. २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. त्यानंतर ज्याच्या-त्याच्या तोंडी शेततळं आलं. तळ्यात अंथरायचा कागद प्लास्टिकचा, ठिबकची नळी प्लास्टिकची. उन्हाने कागद काही वर्षांत विरतो, मग शेतकरी पुन्हा दुकानात भाव विचारायला जातो.