तळटीप: साहचर्य कसे तपासावे

लेखकाने ‘वाचकाने पडताळून पाहावे’ एवढेच म्हटले आहे, पण फॉर्मल ग्रुप लॉ फ(क्ष, य) ची खरी मेहनत साहचर्यातच, म्हणजे फ(फ(क्ष, य), झ) = फ(क्ष, फ(य, झ)) दाखवण्यातच आहे. फ(क्ष, ०) = क्ष आणि फ(०, य) = य या अटी नुसत्या नजरेने कळतात; व्यस्त तर श्रेणीतून पदामागून पद आपोआप निघतो. क्ष + य + क्ष·य मध्ये १ मिळवला की (१ + क्ष)(१ + य) होते, म्हणून तो निर्विवाद फॉर्मल ग्रुप लॉ. आता क्ष + य + क्ष²·य घ्या. फ(फ(क्ष, य), झ) मध्ये तिसऱ्या घाताचे २·क्ष·य·झ येते, फ(क्ष, फ(य, झ)) मध्ये येत नाही, प्रकरण संपले. ज्या वलयात २ = ०, तिथे हा आक्षेप गळतो खरा, पण पाचव्या घाताचे क्ष²·य²·झ दुसऱ्याच बाजूला उरते.

अनंत श्रेणी मात्र अशी पदे तपासून मोडीत काढता येते, सिद्ध करता येत नाही. ऑयलरच्या (क्ष√(१ − य⁴) + य√(१ − क्ष⁴)) ÷ (१ + क्ष²·य²) चे कंस उलगडणे व्यर्थच. १/√(१ − त⁴) चे ० पासून संकलन हा तिचा लॉगरिदम. तो लावला की फ ची साधी बेरीज होते आणि साहचर्य बेरजेकडूनच मिळते.