खळ्यातला सूर्य आणि टाकीतला हायड्रोजन

22 जानेवारी 1898. अंधार असतानाच मतलई वाऱ्यावर तुमची होडी मिठबावहून सुटली. कुणकेश्वर मागे पडलं, देवगड मागे पडलं, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तुम्ही विजयदुर्गाच्या धक्क्याला लागलात. किल्ल्यात आज सगळी गडबड साहेबांची. 'मेल्पोमीनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी दुर्बिणींपाशी उभे आहेत, लोलक लावलेले कॅमेरे सूर्याकडे रोखलेत, आणि या साऱ्यावर नॉर्मन लॉकयर नावाच्या ज्योतिर्विदाची देखरेख आहे.

दुपारी उजेड भलताच पातळ होतो. चंद्र सूर्याला पुरता झाकतो आणि काळ्या तबकडीच्या काठावर क्षणभर एक तांबडी रेघ पेटते. नीट बघून घ्या, वेळ जेमतेम दोन मिनिटांचा आहे. तो लाल रंग तापलेल्या हायड्रोजनचा. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाऊण हिस्सा हाच वायू आहे.

पुढे या किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' दाखवून कुणीतरी सांगेल, की 1868 मध्ये लॉकयरला हेलियम इथेच सापडला. मान डोलावू नका. त्या वर्षीच्या ऑगस्टातल्या ग्रहणाला जॅन्सेन हा फ्रेंच संशोधक गुंटूरला होता, पण लॉकयर इंग्लंडातच. हेलियमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात तिथूनच टिपली. विजयदुर्गावर तो आला तो आज, तीस वर्षांनी. आपल्याकडे खरी गोष्टसुद्धा जरा फुगवल्याशिवाय गोड लागत नाही!

आता ऑक्टोबर 2020. पुण्यात उतरा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांच्या चाचणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसा. आधी ही पाच माणसांची साधी बॅटरीवरची गाडी होती, आता तिच्यात फ्युएल सेल बसवलाय. टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, हवेच्या दाबाच्या साडेतीनशे पट दाबाखाली. सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, वीज तयार होते, मोटर फिरते. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. मागच्या नळीतून बाहेर पडतं ते पाणी. साठ-पासष्टच्या वेगाने टाकीभर वायूत अंदाजे अडीचशे किलोमीटर. दोनच वर्षांत, 21 ऑगस्ट 2022 रोजी, याच जोडीची बसही पुण्यात लोकांसमोर आली.

एक उडी पुढे, 2035 च्या मे महिन्यात. ही उडी कल्पनेचीच. तुम्ही मिठबावात, चिरेबंदी घराच्या खळ्यात बसलाय. स्लॅबवर तीन किलोवॅटची पॅनेलं तापलीत. शेजारचे तात्या कुंपणावरून विचारतात, "काय रे, गाडी पाण्यार चलता म्हणतत, ता खरा? मगे समुद्र दारात आसा, पाण्याक काय तोटो?"

तात्यांना खळ्यात बोलावून बसवा, कारण गाडी पाण्यावर चालत नाही, विजेवर चालते. विजेने पाणी फोडलं की हायड्रोजन सुटतो. खाऱ्या पाण्यात नुसत्या तारा सोडल्या तर एका टोकाला क्लोरीन येतो, म्हणून आधी मीठ काढावं लागतं. तेही जमतं, कारण एका किलोला पाणी नऊ-दहा लिटरच लागतं. घोडं अडतं विजेपाशी. किलोमागे पन्नासहून जास्त युनिटं, म्हणजे पुण्याच्या त्या टाकीला नव्वदच्या आसपास. तुमचं छप्पर चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटं देतं. म्हणजे आठवडाभराचं ऊन घातलं, तर अडीचशे किलोमीटर. शिवाय वायू दाबून भरायचा खर्च वेगळाच.

तीच नव्वद युनिटं सरळ बॅटरीत घातली, तर गाडी पाचशे किलोमीटर सहज जाते. मग मधल्या दोन दलालांना, पाणी फोडणाऱ्या यंत्राला आणि फ्युएल सेलला, अर्ध्याहून जास्त ऊन का वाटायचं?

हायड्रोजनच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. जुलैत सूर्य दडी मारतो आणि उन्हाळ्यातली वीज कित्येक महिने बॅटरीत साठवणं परवडत नाही. वायू साठवता येतो. पण तो घराच्या पडवीत साठवायचा नव्हे, ते काम कारखान्याचं.

केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी 19,744 कोटी रुपयांचं मिशन मंजूर केलं. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. याच कोकणपट्टीत, अलिबागजवळ थळला, खतासाठी लागणारा अमोनिया नैसर्गिक वायूतून निघणाऱ्या हायड्रोजनपासून बनतो. तिथे बॅटरी कामाची नाही, हायड्रोजनच लागतो. तेव्हा उन्हाचा हायड्रोजन आधी थळला जाऊ द्या. मिठबावच्या गाडीला छपरावरून खाली आलेली वायर पुरे.